अखंड सेवा आणि अखंड डागडुजी

स्वित्झर्लंडमध्यें जिनिव्हा शहराजवळ 'सर्न' या नांवाची भौतिकशास्त्राची एक जगप्रसिद्ध प्रयोगशाळा आहे. १९९० सालच्या अखेरीस तेथें टिम बर्नर्स-ली या इंग्रज संशोधकाच्या खोलींत एक काळा, चौकोनी संगणक अहोरात्र चालूं असे. त्याच्यावर कागदाची एक चिठ्ठी चिकटविलेली होती, आणि तिच्यावर तांबड्या शाईनें हातानें लिहिलें होतें कीं, हें यंत्र सर्व्हर आहे, तें बंद करूं नये. आज ज्याला 'वेब' म्हणतात त्याचा जगांतील पहिला सर्व्हर तो हाच. एखाद्या सद्गृहस्थानें सायंकाळीं घरीं जातांना दिवा मालवावा त्याप्रमाणें तें यंत्र मालविलें असतें, तर साऱ्या जगांतलें वेब त्या क्षणीं नाहींसें झालें असतें. वेब टिकवून ठेवण्याची पहिली युक्ति ही एवढीच होती: कागदाचा एक तुकडा आणि शेजाऱ्यांचा भलेपणा.

सर्व्हर म्हणजे सेवा करणारा. दूरच्या कोणीहि एखादें पान मागावें आणि यानें तें काढून त्याच्या हातीं द्यावें, हें याचें मूळ काम. हें काम करणारी वस्तु म्हणजे ती पत्र्याची पेटी नव्हे. तिच्यांत चालणारें सॉफ्टवेअर तें काम करीत असतें. ग्रंथालयांतील कारकुनासारखें तें दाराशीं बसून असतें. फरक इतकाच कीं, ग्रंथालय रात्रीं बंद होतें व कारकुनाला सणावारीं सुटी मिळते. या सेवकाला मात्र रात्र नाहीं, सण नाहीं, आणि एकाच क्षणीं शेंकडों वाचक त्याच्यापुढें उभे असतात. असा सेवक वर्षानुवर्षें न थकतां कामावर कसा ठेवावा, या प्रश्नाचीं उत्तरें गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हळूहळू सांपडत गेलीं. त्या उत्तरांचा इतिहास पाहिला तर त्यांत नव्या शोधांपेक्षां डागडुजीचाच भाग मोठा आहे, असें दिसून येतें.

१९९३ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या 'नॅशनल सेंटर फॉर सुपरकंप्यूटिंग ॲप्लिकेशन्स' या संस्थेंत रॉब मॅकूल नांवाच्या तरुणानें एक वेब सर्व्हर लिहिला. तो सर्वांस फुकट मिळे. शिवाय त्याचा मूळ मजकूर कोणालाहि वाचतां येई आणि बदलतां येई. १९९५ च्या आरंभीं जगांत सर्वांत अधिक वापरांत असलेला सर्व्हर तोच होता. परंतु १९९४ च्या मध्यासच मॅकूल ती संस्था सोडून गेले होते आणि सर्व्हरची वाढ खुंटली होती. वाड्याचा मालक परगांवीं निघून जावा, भाडेकरूंनीं घर भरलेलें असावें आणि मृगाचा पाऊस तोंडावर यावा, तशी ही स्थिति झाली. ज्याच्या खोलींत गळे तो आपल्यापुरतीं कौलें चाळून घेई. एकच चूक वीस गांवचे वीस लोक स्वतंत्रपणें शोधीत आणि वीस वेळां दुरुस्त करीत. एकाची दुरुस्ती दुसऱ्याच्या उपयोगी पडत नसे.

हा श्रमाचा अपव्यय कांहीं जाणत्या लोकांना सहन होईना. सॅन फ्रान्सिस्को येथील 'वायर्ड' मासिकाच्या वेबवरील कामाची व्यवस्था पाहणारे ब्रायन बेह्लेनडॉर्फ आणि त्यांचे सहकारी क्लिफ स्कोलनिक यांनीं अशा विखुरलेल्या दुरुस्त्या करणाऱ्यांशीं ई-मेलनें पत्रव्यवहार सुरू केला. फेब्रुवारी १९९५ च्या अखेरीस आठ जणांचें एक मंडळ जमलें. या मंडळींना कोणी नेमलेलें नव्हतें व तिला पगारहि नव्हता. त्यांनीं मॅकूल यांच्या सर्व्हरची १.३ ही आवृत्ति पायाला धरली. जगभर प्रसिद्ध झालेल्या दुरुस्त्या गोळा केल्या. प्रत्येक दुरुस्ती आपापल्या सर्व्हरवर चालवून पारखली. आणि त्या सर्व एकत्र करून एप्रिल १९९५ मध्यें नवी आवृत्ति लोकांपुढें ठेवली. तिचें नांव 'अपाची'.

या नांवाविषयीं एक कोटी प्रसिद्ध आहे. सॉफ्टवेअरमधील लहान दुरुस्तीला इंग्रजींत 'पॅच', म्हणजे ठिगळ, म्हणतात. चुकीच्या ओळी कोणत्या काढाव्या आणि त्यांच्या जागीं कोणत्या घालाव्या, एवढेंच त्या ठिगळांत लिहिलेलें असतें. असा हा ठिगळांचा, म्हणजे 'ए पॅची', सर्व्हर! अपाची या अमेरिकेंतील मूळ रहिवाशांविषयींच्या आदरानें तें नांव दिलें, असें संस्थेनें पुढें सांगितलें. परंतु ठिगळांची कोटी त्याला कायमची चिकटली, आणि ती अगदींच अन्यायाची नव्हती. जगांतील एका अत्यंत यशस्वी सॉफ्टवेअरचा जन्म हा असा दुरुस्तीच्या पोटीं झालेला आहे.

ठिगळांवर ठिगळें किती काळ लावावयाचीं, हा प्रश्न त्या मंडळापुढें लवकरच आला. त्यांच्यापैकीं रॉबर्ट थाऊ यांनीं सर्व्हरची अंतर्गत रचना नव्यानें आंखली. त्या रचनेवर उभारलेली आवृत्ति ऑगस्ट १९९५ मध्यें निघाली व १ डिसेंबर १९९५ रोजीं '१.०' प्रसिद्ध झाली. मंडळ स्थापन होऊन वर्ष पुरें होण्याच्या सुमारास अपाचीनें आपल्या पूर्वजाला मागें टाकलें. थाऊ यांच्या रचनेंतील दोन गोष्टी दीर्घकाळ चालणाऱ्या सर्व्हरच्या दृष्टीनें फार महत्त्वाच्या आहेत. त्या समजण्यासाठीं असें सॉफ्टवेअर थकतें म्हणजे काय होतें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

लोखंड गंजतें, लांकडाला वाळवी लागते. सॉफ्टवेअरला यांपैकीं कांहींच होत नाहीं. मग आज व्यवस्थित चाललेला सर्व्हर तीन महिन्यांनीं मंद कां व्हावा? त्याचें एक मोठें कारण स्मृतींत सांपडतें. प्रत्येक मागणी पुरी करतांना सॉफ्टवेअर संगणकाच्या स्मृतींतील थोडी जागा मागून घेतें. काम संपतांच ती जागा परत करावयाची असते. प्रोग्राम लिहिणारा एखाद्या ठिकाणीं ती परत करण्यास विसरला, तर प्रत्येक मागणीमागें थोडीशी जागा अडकून राहते. एका मागणीला एक किलोबाइट इतकीच जागा अडकली असें धरलें, तरी दहा लक्ष मागण्यांनंतर सुमारें एक गिगाबाइट स्मृति वाया जाते. 'थेंबें थेंबें तळें साचे' ही म्हण काटकसरीच्या उपदेशासाठीं सांगतात. येथें त्याच न्यायानें नाश सांचत जातो. दोन दिवसांच्या परीक्षेंत हा दोष दिसत नाहीं. तो महिन्यांनीं दिसतो, आणि बहुधा गर्दीच्या दिवशींच दिसतो.

थाऊ यांची पहिली योजना अशी होती कीं, एका मागणीसाठीं लागणारी सर्व जागा एकाच कोठारांतून घ्यावयाची, आणि मागणी पुरी झाली कीं तें संबंध कोठार एकदम रिकामें करावयाचें. केळीच्या पानावर जेवण वाढलें म्हणजे वाटी घासावयाची राहिली, तांब्या विसरला, हा प्रश्न उरत नाहीं. पान उचललें कीं जागा मोकळी. निरनिराळ्या वस्तु आठवणीनें परत करण्याची जबाबदारी माणसाच्या लक्षावर न ठेवतां रचनेवर टाकली, हें त्या योजनेचें मर्म.

दुसरी योजना याहून धूर्त आहे. अपाचीचा मुख्य प्रोग्राम वाचकांच्या मागण्या स्वतः पुऱ्या करीत नाहीं. तो आपल्यासारखीं अनेक मुलें निर्माण करतो. मागण्या पुऱ्या करण्याचें काम मुलांचें, आणि मुलांवर लक्ष ठेवण्याचें काम बापाचें. एखादें मूल मधेंच कोसळलें तर त्याच्यापुढील वाचकाची तेवढी गैरसोय होते. बाप त्याच्या जागीं दुसरें मूल उभें करतो आणि काम चालूं राहतें. शिवाय व्यवस्थापकाला असा नियम घालून देतां येतो कीं, अमुक इतक्या मागण्या पुऱ्या केल्यावर प्रत्येक मुलानें निवृत्त व्हावें. मूल निवृत्त झालें कीं त्यानें अडकवून ठेवलेली सारी स्मृति आपोआप मोकळी होते. सर्व्हरला जोडलेल्या परक्या सॉफ्टवेअरमधील गळती प्रत्येक वेळीं शोधून काढतां येईलच असें नाहीं, हें ओळखून केलेली ही तरतूद आहे. आपल्या कामांत दोष राहणारच, हें कबूल करण्याचा विनय तिच्यांत आहे. अनेक सर्व्हरांचें दीर्घायुष्य त्या विनयावर उभें आहे.

मुलांची संख्या किती असावी, याविषयींचा अपाचीच्या मार्गदर्शिकेंतील सल्लाहि असाच अनुभवाचा आहे. एका मुलाला सरासरी किती स्मृति लागते तें पाहावें; इतर कामांसाठीं जागा राखून उरलेल्या स्मृतीला त्या आंकड्यानें भागावें; आणि येईल त्या संख्येपलीकडे मुलें वाढूं देऊं नयेत. समजा, दोन हजार मेगाबाइट जागा सर्व्हरसाठीं मोकळी आहे आणि एका मुलाला वीस मेगाबाइट लागतात. तर मर्यादा शंभरांची. ती दोनशेंवर नेली तर दुप्पट लोकांची सोय होईल, असें अननुभवी माणसाला वाटतें. प्रत्यक्षांत स्मृति अपुरी पडतांच संगणक आंतील मजकूर डिस्कवर नेऊन ठेवूं लागतो व पुन्हां आणूं लागतो. डिस्क स्मृतीच्या मानानें फारच मंद. त्यामुळें सर्वांचेंच काम रखडतें. रखडलें म्हणून वाचक पुन्हां पुन्हां मागणी करतात आणि गर्दी आणखी वाढते. लग्नघरांतील जाणता माणूस शंभर पानांची जागा असतांना दोनशें लोकांना एका पंगतीस बसवीत नाहीं. उरलेल्यांना तो दुसऱ्या पंगतीसाठीं थांबवितो. थोडें थांबावें लागलें तरी जेवण सर्वांस नीट मिळतें.

पुढें वाचकांची संख्या इतकी वाढली कीं प्रत्येक वाचकामागें एक मूल ही पद्धतिच अपुरी पडूं लागली. एकाच यंत्रानें दहा हजार वाचक एकाच वेळीं कसे सांभाळावे, हा प्रश्न १९९९ सालीं डॅन केगेल यांनीं एका प्रसिद्ध लेखांत मांडला. ज्याचें इंटरनेट मंद, असा वाचक एका मुलाला फार वेळ गुंतवून ठेवतो, ही खरी अडचण होती. रशियांतील इगोर सिसोयेव्ह यांनीं २००४ मध्यें 'एन्जिनएक्स' हा सर्व्हर प्रसिद्ध केला. त्यांत थोडेसेच कामकरी असतात आणि प्रत्येक जण हजारों वाचकांवर नजर ठेवून ज्याचें काम तयार असेल त्याच्याकडे वळतो. अपाचीनेंहि या जातीची आपली पद्धति २०१२ च्या २.४ या आवृत्तींत पक्की केली.

थकण्याचें दुसरें कारण याहून साधें आहे. सर्व्हर प्रत्येक मागणीची एक ओळ रोजनाम्यांत लिहून ठेवतो: कोणी, केव्हां, काय मागितलें आणि काय मिळालें. संकटकाळीं हाच रोजनामा साक्षीदार होतो, म्हणून तो हवा. परंतु दहा हजार मागण्यांमागें त्याची लांबी एक मेगाबाइट किंवा अधिक वाढते. दिवसाला दहा लक्ष मागण्या येत असल्या तर रोज शंभर मेगाबाइट, म्हणजे वर्षांत छत्तीस गिगाबाइटांहून अधिक. कोणीं लक्ष दिलें नाहीं तर एके दिवशीं डिस्क भरते, आणि त्या डिस्कवर लिहिणारीं सर्वच कामें अडतात. यावर उपाय रोजनामा ठराविक मुदतीनें बदलण्याचा. त्यांतहि एक खांच आहे. जुन्या रोजनाम्याचें नांव बदललें, किंवा तो पुसून टाकला, तरी सर्व्हरनें तो उघडून हातांत धरलेलाच असतो. म्हणून नांव बदलल्यावरहि तो त्याच वहींत लिहीत राहतो, आणि पुसल्यावरहि डिस्कवरील जागा मोकळी होत नाहीं. त्याला नवी वही घेण्याची सूचना द्यावी लागते. ही सूचना सौम्य असावी अशीहि सोय अपाचीमध्यें आहे: मुलांनीं हातांतील काम पुरें करावें, मगच निवृत्त व्हावें, दाराशीं आलेला वाचक अर्ध्यावर परत जाऊं नये.

भाकरी कां करपली, घोडा कां अडला, पान कां सडलें, या तिन्ही प्रश्नांचें एकच उत्तर असणारें कोडें महाराष्ट्रांत घरोघर मुलांना घालतात. 'न फिरविल्यामुळें' हें तें उत्तर. रोजनामा न फिरविला, मुलें न फिरविलीं, तर सर्व्हरचीहि तीच गत होते.

आतांपर्यंतचे दोष घरांतले. बाहेरून येणारें संकट किती वेगानें येतें, हें जगाला २००१ च्या जुलै महिन्यांत कळलें. मायक्रोसॉफ्टच्या 'आय्‌आय्‌एस' या सर्व्हरमध्यें एक छिद्र सांपडलें होतें, आणि त्यावरील दुरुस्ती कंपनीनें १८ जून २००१ रोजीं प्रसिद्ध केली होती. औषध तयार होतें, फुकट होतें. घ्यावयाचें तेवढें राहिलें होतें. जुलैच्या मध्यास 'कोड रेड' नांवाचा, एका सर्व्हरमधून दुसऱ्यांत आपण होऊन शिरणारा प्रोग्राम त्या छिद्रांतून पसरूं लागला. १९ जुलै रोजीं चौदा तासांच्या आंत ३,५९,००० हून अधिक संगणक त्याच्या तावडींत सांपडले. दुरुस्ती निघून एक महिना लोटला होता.

या प्रकरणांतील एक बारकावा फार बोलका आहे. हा उपद्रवी प्रोग्राम डिस्कवर कांहींच लिहीत नसे. तो केवळ स्मृतींत राही. त्यामुळें यंत्र बंद करून पुन्हां सुरू केलें कीं तो नाहींसा होई, आणि व्यवस्थापकाला वाटे, रोग गेला. परंतु छिद्र तसेंच असल्यामुळें कांहीं वेळांत दुसऱ्या एखाद्या पछाडलेल्या सर्व्हरकडून तो परत येई. यंत्र बंद करून चालूं करणें म्हणजे दुरुस्ती नव्हे. लक्षण गेलें म्हणून कारण गेलें असें मानणाऱ्यास तेंच लक्षण पुन्हां पाहावें लागतें.

मग प्रत्येक नवी आवृत्ति निघतांच डोळे मिटून घ्यावी काय? इतिहास या प्रश्नालाहि सरळ होकार देत नाहीं. अपाचीची १.३ ही आवृत्ति जून १९९८ मध्यें निघाली. तिच्याहून पुष्कळ सुधारलेली २.० आवृत्ति एप्रिल २००२ मध्यें आली. तरी असंख्य लोक १.३ सोडीनात. त्यांच्या हट्टाला आधार होता. त्यांनीं सर्व्हरला जोडलेलीं इतर सॉफ्टवेअरें नव्या रचनेंत सुरक्षित चालतील याची खात्री नव्हती, आणि चालत्या गाड्याला खीळ कोण घालणार? अशा लोकांना वाऱ्यावर न सोडतां अपाचीच्या मंडळींनीं १.३ च्या दुरुस्त्या फेब्रुवारी २०१० पर्यंत, म्हणजे जवळजवळ बारा वर्षें, चालूं ठेवल्या. नवे प्रयोग नव्या शाखेंत करावे आणि जुन्या शाखेंत पारखलेल्या दुरुस्त्याच घ्याव्या, हा त्यांचा दंडक. स्थिर शाखेंत कोणताहि बदल घेण्यापूर्वीं निदान तीन जाणत्या सभासदांची संमति लागते, आणि सकारण विरोध झाला तर बदल थांबतो. हा मार्ग संथ वाटतो. परंतु लक्षावधि लोकांच्या घरावरील कौलें काढतांना संथपणाच शहाणपणाचा ठरतो.

एवढी काळजी घेऊनहि चूक होते, हें २०२१ मध्यें दिसलें. त्या वर्षीं सप्टेंबरांत निघालेल्या २.४.४९ या आवृत्तींत पानांचे पत्ते तपासण्याच्या भागांत बदल केला होता. त्या बदलानेंच एक नवें छिद्र पडलें, आणि ज्या फायली बाहेरच्याला दिसूं नयेत त्या त्यांतून मिळूं लागल्या. ४ ऑक्टोबरला २.४.५० ही दुरुस्त आवृत्ति निघाली. पण ती दुरुस्ती अपुरी ठरली आणि तीनच दिवसांनीं, ७ ऑक्टोबरला, २.४.५१ काढावी लागली. येथें ज्यांचें नुकसान टळलें त्यांत दोन प्रकारचे लोक होते. एक, जे अजून आधींच्या आवृत्तीवर होते. त्यांना दैवानें हात दिला. दुसरे, ज्यांच्या सर्व्हरवर 'स्पष्ट परवानगी दिलेली नाहीं तें सर्व बंद' हा मूळचा कडक नियम कायम होता. त्यांच्या फायली छिद्र असूनहि या वाटेनें बाहेर गेल्या नाहींत. दैव दर वेळीं साह्य करीत नाहीं, नियम करतो. पुढच्या दाराचें कुलूप बिघडलें तरी आंतल्या कपाटाला कुलूप असावें, ही जुन्या घरांतील रीत येथेंहि उपयोगी पडली.

या सर्व इतिहासांत सर्वांत अंतर्मुख करणारें प्रकरण मात्र २०१४ चें आहे. सर्व्हर आणि वाचक यांच्यामधील मजकूर गुप्त राखण्यासाठीं 'ओपनएसएसएल' नांवाचें सॉफ्टवेअर अपाची, एन्जिनएक्स आणि इतर अनेक सर्व्हर वापरीत. मार्च २०१२ मध्यें निघालेल्या त्याच्या १.०.१ या आवृत्तींत एका लहानशा तपासणीची उणीव राहून गेली. तिचा फायदा घेऊन कोणालाहि सर्व्हरच्या स्मृतींतील ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर एका वेळीं बाहेर काढतां येई. त्यांत परवलीचे शब्द सांपडत, गुप्त किल्ल्यादेखील सांपडत, आणि नेहमींच्या रोजनाम्यांत या चोरीची खूण उमटत नसे. ७ एप्रिल २०१४ रोजीं, म्हणजे दोन वर्षांनीं, ही गोष्ट 'हार्टब्लीड' या नांवानें जाहीर झाली. तेव्हां नुसती नवी आवृत्ति आणून भागणारें नव्हतें. चालूं सर्व्हरनें जुनी आवृत्ति स्मृतींत धरून ठेवलेली असे. तो नव्यानें सुरू करीपर्यंत छिद्र तसेंच राही. नंतर किल्ल्या बदलावयाच्या, प्रमाणपत्रें बदलावयाचीं, आणि लोकांना परवलीचे शब्द बदलावयास सांगावयाचें, इतकें काम उरलें.

दोष कसा राहिला याची चौकशी होऊं लागली तेव्हां लोकांना आणखी एक गोष्ट कळली. जगांतील पेढ्या, दुकानें, सरकारी कचेऱ्या ज्या सॉफ्टवेअरवर विसंबून होत्या, त्याच्या मंडळाला वर्षाकांठीं सुमारें दोन हजार डॉलर देणगी मिळत असे, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता. गांवच्या विहिरीचें पाणी सारेच भरीत. गाळ काढण्याची पाळी मात्र कोणाचीच नव्हती. त्याच महिन्यांत 'लिनक्स फाउंडेशन' या संस्थेनें मोठ्या कंपन्यांच्या साह्यानें अशा सार्वजनिक सॉफ्टवेअरच्या जोपासनेसाठीं निधि उभारला. हें शहाणपण उशिरां सुचलें. तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखेंच तें झालें. परंतु दुरुस्ती करणाऱ्यालाहि पोट आहे, आणि त्याचें काम फुकट मिळालें म्हणून तें बिनमोल होत नाहीं, हें त्या निमित्तानें उघडपणें मान्य झालें.

त्यानंतरच्या काळांत जोपासनेच्या कल्पनेंतच एक बदल झाला. सर्व्हरची ओळख पटविणारें प्रमाणपत्र मुदतीचें असतें. मुदत संपली कीं वाचकाला धोक्याची सूचना दिसूं लागते आणि तो परत फिरतो. पूर्वीं हीं प्रमाणपत्रें एक ते तीन वर्षांचीं असत, आणि मुदत लांब असल्यामुळेंच तीं नवीं करण्याचें विस्मरण होई. डिसेंबर २०१५ मध्यें 'लेट्स एन्क्रिप्ट' या सार्वजनिक संस्थेनें सर्वांना फुकट प्रमाणपत्रें देण्यास आरंभ केला, आणि त्यांची मुदत मुद्दाम नव्वदच दिवसांची ठेवली. किल्ली चोरीस गेली तर नुकसान थोडक्यांत आटोपावें, हा एक हेतु. आणि इतक्या वेळां हातानें करणें कंटाळवाणें झाल्यामुळें लोकांनीं तें काम यंत्राकडे सोंपवावें, हा दुसरा. वर्षांतून एकदां आठवणीनें करावयाचें काम विसरलें जातें. ज्याची रीत पडली तें आपोआप होत राहतें.

सर्नमधील तो काळा संगणक आतां ऐतिहासिक वस्तु झाला आहे. ३० एप्रिल २०१३ रोजीं त्या प्रयोगशाळेनें जगांतील पहिलें संकेतस्थळ त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हां उभें करण्याचें काम हातीं घेतलें. जें सर्वांत आधीं जन्मलें तेंहि मधल्या काळांत जपलें गेलें नव्हतें, आणि त्याच्या जुन्या प्रती शोधाव्या लागल्या.

त्या चिठ्ठीवरील आज्ञा मात्र आज उलटी झाली आहे. मोठ्या सर्व्हराची व्यवस्था पाहणारे आज एकाच कामासाठीं अनेक यंत्रें उभीं करतात. त्यांतलें एखादें बाजूला काढावें, दुरुस्त करावें, पारखून परत जागेवर बसवावें, मग दुसऱ्याला हात लावावा. दाराशीं आलेल्या वाचकाला त्याचा पत्ताहि लागूं नये. यंत्र कधींच बंद न करणें यांत पूर्वीं सुरक्षितता वाटे. आज तें केव्हांहि निर्धास्तपणें बंद करतां येणें हीच सुरक्षितता समजतात. हें निर्धास्तपण ज्यांच्या श्रमांवर उभें आहे त्या दुरुस्ती करणाऱ्यांचीं नांवें वाचकाला ठाऊक नसतात. पहांटे तीन वाजतां कोणी एखादें पान मागतो आणि तें क्षणार्धांत त्याच्यापुढें येतें. त्यांचें काम त्या वेळीं पुरें झालेलें असतें.